कोल्हापूर ते पुणे : कानांनी पाहिलेला रस्ता

कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचा ‘चार नंबरचा हायवे’, दक्षिण महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांना घराच्या ओसरीइतका परिचित आहे. सुमारे २३० किलोमीटरच्या या प्रवासात पंचगंगा, वारणा, कोयना, तारळी, उरमोडी, वेण्णा, कृष्णा आणि नीरा अशा आठ नद्या ओलांडाव्या लागतात आणि चार जिल्ह्यांची हवा चाखायला मिळते. या रस्त्याची वर्णने आजवर पुष्कळ झाली. परंतु ती सारी डोळ्यांनी केलेली आहेत. उसाचे फड, कराडचा संगम, साताऱ्याचा अजिंक्यतारा, खंबाटकीचा डोंगर हे सर्व त्यांत असते. बंद काचांच्या मोटारीत बसलेल्या माणसाला मात्र हा रस्ता जितका दिसतो, तितकाच तो ऐकूही येत असतो. ऐकू येणाऱ्या या रस्त्याविषयी, आणि त्याचा आवाज गाडीत मुरवण्यासाठी आम्ही केलेल्या खटपटीविषयी, येथे लिहीत आहे.

या खटपटीचे कारण आमचे अण्णा. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत आमच्या आजोबांनी गुळाची पेढी घातली आणि अण्णांनी ती पन्नास वर्षे सांभाळली. महिन्यातून एकदा पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात जाऊन व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा त्यांचा नेम अजून मोडलेला नाही. व्यवहार आता मी पाहतो. पण कोणत्या घराशी कसे बोलायचे, कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, कोणाचा शब्द नगदीहून पक्का, हे ज्ञान कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते अण्णांजवळ आहे, आणि ते देण्याघेण्याची जागा म्हणजे ही मोटार. पेढीवर गिऱ्हाईक असते, घरी नातवंडे असतात. चार तास निवांतपणे एकमेकांशेजारी बसणे फक्त या रस्त्यावर घडते.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र अण्णा गाडीत बोलेनासे झाले होते. शिरोली मागे पडली की ते खिडकीकडे तोंड करून बसत. घरच्यांनी त्याला थकवा म्हटले, वयाचा स्वभाव म्हटले. खरे कारण वेगळे होते. एकदा कराडजवळ पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि मी अण्णांना क्विंटलचा भाव सांगितला, ‘एकेचाळीसशे साठ.’ त्यांनी ऐकले, ‘एकेचाळीसशे आठ.’ बावन्न रुपयांच्या त्या फरकावर ते पुढे साताऱ्यापर्यंत मनातल्या मनात हिशेब मांडत राहिले आणि सौदा फिरवायला निघाले. घरी, शांत खोलीत, त्यांना ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक नेमका कळतो. गाडीत तो हरवत होता.

कानाच्या डॉक्टरांनी याचा उलगडा करून दिला. वाढत्या वयात श्रवणशक्ती सगळीकडून सारखी घटत नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी निसटतात. आपल्या भाषेतील स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांचा प्राण नेमका त्या उंच पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत राहतात. म्हणून वृद्धांना ‘कोणी तरी बोलते आहे’ हे कळते, पण ‘काय बोलते आहे’ ते कळत नाही. त्यात मोटारीच्या आतला घरघराट बहुतांशी खालच्या पट्टीचा असतो, आणि खालच्या पट्टीचा मोठा आवाज आपल्यावरच्या पट्टीतील नाजूक आवाजांना झाकून टाकतो. कानात बसवलेले यंत्रही पूर्णतः मदतीला येत नाही, कारण ते शब्दांबरोबर घरघराटही मोठा करते. थोडक्यात, अण्णांचे कान जे उत्तम ऐकू शकत होते तेच गाडी त्यांना भरभरून देत होती, आणि जे त्यांना कष्टाने ऐकू येत होते तेच हिरावून घेत होती. अशा वेळी माणूस दर वाक्याला ‘काय म्हणालास?’ विचारण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करतो.

आमची गाडी आठ वर्षांची, डिझेलची. ती बदलण्याचा विचार घरात झाला. पण गाडी कामाला चोख होती, आणि चालत्या वस्तूला टाकून देणे अण्णांच्या हिशेबात बसत नाही. मग आवाज कमी करण्याच्या उपायाची चौकशी सुरू झाली. पुण्यातील एका दुकानात आम्हाला गच्चीची गळती बंद करण्यासाठी वापरतात तशा डांबरी पट्ट्या दाखवण्यात आल्या. स्वस्त होत्या, चकाकत होत्या, आणि ‘एका दुपारीत काम होईल’ असे आश्वासनही होते. तेथून आम्ही परत फिरलो आणि आमच्याच गावातील शिवाजी उद्यमनगरात गेलो.

उद्यमनगर हे कोल्हापूरचे दुसरे हृदय आहे. अंबाबाईच्या देवळाभोवतीचे कोल्हापूर पाहुण्यांना ठाऊक असते; भट्ट्या, लेथ आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांचे हे कोल्हापूर फारसे कोणी पाहायला येत नाही. गुऱ्हाळांची आणि शेतीपंपांची इंजिने दुरुस्त करता करता या शहराने ओतकामाची आणि यंत्रकामाची जी विद्या कमावली, तिच्यावर आज देशभरातील मोटारींचे सुटे भाग येथे तयार होतात. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, दारात चहाचे पेले आणि प्रत्येक शेडमधून येणारा वेगळा ठोका. लोखंडावर हातोडा, पत्र्यावर लाकडी ठोकणी, दगडावर छिन्नी. आवाजाचा बंदोबस्त करणारा माणूस अशा आवाजात बसलेला असावा, याचे मला प्रथम नवल वाटले. नंतर उमगले की ज्याचा दिवस पत्र्याच्या सान्निध्यात जातो, त्यालाच पत्रा कसा आणि का बोलतो हे कळते.

मेस्त्रींनी आमचे म्हणणे ऐकले, गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. डबा वाजवावा तसा ‘टण’ असा आवाज आला. ते म्हणाले, ‘‘मालक, आवाज बंद करायचं औषध कुणाकडं नसतंय. आवाज मुरवायचा असतोय. तुमाला किती मुरवायचाय ते सांगा.’’

मी म्हणालो, ‘‘वडिलांना माझं बोलणं ऐकू यायला पाहिजे. एवढंच.’’

‘‘मग थोडक्यात भागंल,’’ ते म्हणाले. ‘‘गाण्यासाठी करणारी माणसं येत्यात, त्यांचं कधी भागत न्हाई.’’

पुढचे दोन दिवस मी त्या शेडमध्ये बराच वेळ बसलो आणि जे पाहिले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मोटारीत आवाज तीन वाटांनी येतो. पहिली वाट हादऱ्यांची. खडबडीत रस्त्यावर टायर थरथरतो, ती थरथर चाकांच्या आधारांतून सांगाड्यात चढते आणि तळाचा, दरवाजांचा, टपाचा पातळ पत्रा ढोलाच्या चामड्यासारखा वाजू लागतो. हा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. दुसरी वाट हवेची. टायरचा रव, शेजारच्या ट्रकचा आवाज आणि वाऱ्याची शीळ फटींतून व पत्र्याआरपार आत येतात. तिसरी वाट इंजिनाची. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये असलेल्या पत्र्याच्या भिंतीतून तो आवाज झिरपतो. प्रत्येक वाटेवर पहारा निराळा बसवावा लागतो. एकाच वस्तूने तिन्ही वाटा अडवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथे सावध राहावे.

हादऱ्यांवरचा उपाय म्हणजे ब्यूटाइल रबराची चिकट चादर, जिच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. हे तेच रबर, ज्याच्या टायरच्या आतल्या ट्यूब बनतात. चादर पत्र्याला चिकटली की रबर दोन धातूंच्या मध्ये सापडते. पत्रा थरथरू लागला की मधले रबर ताणले-पिळले जाते आणि थरथरीची शक्ती किंचितशा उष्णतेत विरून जाते. स्वयंपाकघरात पितळेचे ताट पडून घणघणू लागले, तर आई त्यावर नुसता तळहात ठेवते आणि नाद थांबतो; तत्त्व तेच आहे. यातून आणखी एक गोष्ट कळते. ताट गप्प करायला ते पूर्ण झाकावे लागत नाही. त्याचप्रमाणे पत्र्याच्या मोकळ्या, मधल्या भागावर चौथाई ते तिहाई जागेत ही चादर लावली, तरी बहुतेक लाभ पदरात पडतो. सगळा पत्रा मढवून घेण्यात खर्च आणि वजन वाढते. फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. मेस्त्रींनी दरवाजांवर, तळावर, मागच्या चाकांवरील कमानींवर आणि डिकीत अशीच मोजकी चादर लावली. लावण्यापूर्वी पत्रा व्हॅक्यूमने झाडून, स्पिरिटने पुसून कोरडा केला, आणि नंतर लहान लोखंडी रोलरने चादर इतकी घोटली की तिच्यावरची उठावाची नक्षी सपाट झाली. नक्षी दिसत राहिली तर खाली हवा राहिली, असे ते मुलांना बजावत होते.

हवेतून येणाऱ्या आवाजाचे गणित याच्या उलट आहे. तेथे वजन लागते. अडसराचे वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबलने आवाज अधिक अडतो, असा साधारण नियम आहे. त्यासाठी चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरेल अशी जड व्हिनाइलची चादर मिळते. परंतु ती अर्धवट अंथरून चालत नाही. शंभर भागांत एक भाग जरी उघडा राहिला, तरी अडसर कितीही जाड असो, २० डेसिबलच्या पलीकडे तो आवाज अडवू शकत नाही. भोक असलेल्या घागरीची जाडी वाढवून पाणी थांबत नाही, तसेच हे. आमच्या गाडीत ही जड चादर फक्त पुढच्या तळावर आणि इंजिनाकडील भिंतीच्या पोहोचण्याजोग्या भागावर, कडेला कड भिडवून बसवली. तिच्याखाली बंद छिद्रांच्या फोमचा थर दिला. जड चादर पत्र्यापासून किंचित अलग, मऊ थरावर राहिली तरच तिचे काम नीट होते.

फोम बंद छिद्रांचाच का, याचे उत्तर कोल्हापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ हाच महामार्ग पाण्याखाली गेला आणि बंद झाला. शहरात कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. मेस्त्रींनी त्या गाड्यांचे गालिचे स्वतःच्या हातांनी उचलले आहेत. स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम आणि जाड नमदा पाणी धरून ठेवतो, महिनोन्‌महिने ओला राहतो आणि खालचा पत्रा गंजवून टाकतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. दरवाजाच्या आत तर पावसाचे पाणी नेहमीच उतरते. काचेच्या फटीतून ते आत जाते आणि दरवाजाच्या तळाशी ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे त्यांनी खडूने खुणा करून मोकळी ठेवली. पुण्याच्या दुकानातील डांबरी पट्ट्यांविषयी विचारले तेव्हा ते हसले. वैशाखात बंद गाडीचा पत्रा इतका तापतो की असे डांबर पाघळते, दरवाजाच्या तळाशी ओघळते आणि गाडीत नव्या सडकेचा वास भरून राहतो.

आणखी एक दक्षता त्यांनी घेतली, जी प्रत्येकाने आग्रहाने घ्यावी. खुर्च्या काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवली आणि काही मिनिटे थांबले. खुर्च्यांखालून आणि खांबांतून पिवळ्या जोडण्यांच्या तारा जातात. त्या एअरबॅगच्या असतात. त्यांच्या वाटेत आणि पडदा एअरबॅग उघडण्याच्या जागी काहीही चिकटवले नाही. काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेलाही हात लावला नाही. खुर्च्यांचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळले, दरवाजांच्या आतील आवरणाच्या मोडलेल्या क्लिपा बदलून नव्या बसवल्या आणि दारांची वाळलेली रबरी बीडिंग नवी लावली.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा त्याच दरवाजावर पेराने टकटक केली. आता पोत्यावर थाप मारावी तसा ‘ठप’ असा कोरडा आवाज आला. गाडीत भरलेल्या सर्व साहित्याचे वजन चोवीस किलो झाले. आमच्या भाषेत सांगायचे तर गुळाच्या ३० किलोच्या एका रव्याहूनही कमी. खर्च चार नव्या टायरांच्या जवळपास आला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पुण्याला निघालो. गळीत हंगाम सुरू झाला होता. पंचगंगेच्या पुलावरच उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, आणि ट्रॉलीवरच्या भोंग्यातील गाणे काचेबाहेर राहिले. पूर्वी ते आमच्या मांडीवर येऊन बसत असे. शिरोली ओलांडून गाडीने वेग घेतला. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम अनेक ठिकाणी चालू आहे. त्यामुळे एकाच तासात रस्ता चार-पाच प्रकारचा होतो. नव्या, बारीक खडीच्या डांबरावर गाडी पाण्यावरून जावी तशी जाते. जुन्या, खडी उघडी पडलेल्या पट्ट्यावर टायर खर्जात घोंगावू लागतो. टोलनाक्याजवळील काँक्रीटवर आडव्या खाचांमुळे एक बारीक सूर लागतो. वळणरस्त्यांवर खड्डे असतात. तेथे आवाज सुराचा राहत नाही, तो ठोक्याचा होतो.

मी फोनमधील आवाजमापकावर आकडे टिपले होते. काम करण्यापूर्वी आणि नंतर, किणीपासून पुढच्या त्याच पट्ट्यावर, ताशी ८० किलोमीटर वेगाला. पूर्वी ७२ डेसिबलच्या आसपास असणारा आकडा आता ६९ वर आला. फोनचा मापक प्रयोगशाळेतील नव्हे. तरीही तुलनेपुरता तो विश्वसनीय. तीनच डेसिबल ऐकून कोणी निराश होईल. पण डेसिबलचा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबासारखा नसतो. ३ डेसिबलने घट म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी झाली. कानाला मात्र आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते. साधे बोलणे हातभर अंतरावर ६० डेसिबलच्या आगेमागे असते, म्हणजे गाडीचा आवाज अजूनही बोलण्याहून मोठाच आहे. मग मिळाले काय? घरघराटाचा तळ ढिला झाला. ज्या खर्जाने ‘स’ आणि ‘श’ झाकले जात होते, तो खर्ज पातळ झाला.

वारणेचा पूल आला, सांगली जिल्हा सुरू झाला. पूल ओलांडताना त्याच्या सांध्यांवर चाकांचे ‘धप्-धप्’ उमटते. अण्णा म्हणाले, ‘‘वारणा आली.’’ त्यांचे डोळे मिटलेले होते. हे ठोके खर्जातले असल्यामुळे त्यांच्या कानांनी ते कधीच गमावले नव्हते. एवढी वर्षे ते या रस्त्यावरील नद्या ठोक्यांनी मोजत आले होते, आणि आम्ही त्यांना झोपलेले समजत होतो.

पेठ नाक्याच्या पुढे मी मुद्दाम आवाज न चढवता विचारले, ‘‘अण्णा, मार्केट यार्डातल्या त्या नव्या घराला माल द्यायचा का?’’

‘‘कोणत्या? ज्यांचा मुलगा आता बसतो, ते?’’ अण्णांनी सरळ उत्तर दिले. मान न वळवता, हात कानाशी न नेता. ‘‘त्यांच्या आजोबांनी दुष्काळाच्या साली आपलं देणं सोनं मोडून दिलं होतं. मुलगा कसा आहे ते मला ठाऊक नाही. पहिले दोन लॉट पंधरा दिवसांच्या बोलीने दे. तिसऱ्याला तुला आपोआप कळेल.’’

कासेगाव मागे पडले, कराड आले. महामार्ग कोयना ओलांडतो, आणि थोड्याच अंतरावर ती कृष्णेला समोरून येऊन मिळते. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. अण्णांनी तेथून बोलायला जो आरंभ केला, तो साताऱ्यापर्यंत थांबला नाही. कोणत्या साली गुळाचा भाव कसा कोसळला. रासायनिक पांढरेपणाच्या मोहात कोणी पत घालवली. उंब्रजच्या एका शेतकऱ्याने चिठ्ठीचपाटी न करता आमच्याकडे पैसे ठेवले आणि ते त्याच्या नातवाला कसे परत केले. या गोष्टी मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेल्या होत्या. सलग, नावांसह आणि आकड्यांसह प्रथमच ऐकल्या. मधूनच खडबडीत पट्टा येई, टायर घोंगावू लागत, आणि अण्णा थांबत. रस्ता गुळगुळीत झाला की जेथे सोडले होते तेथूनच पुन्हा सुरू करीत. रस्त्याने आम्हाला असे परिच्छेद पाडून दिले.

साताऱ्यानंतर वेण्णा, भुईंजजवळ कृष्णा, मग सुरूर आणि खंबाटकी. पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी बोगदा आहे. गाडीच्या ध्वनीची खरी परीक्षा बोगद्यात होते. उघड्या रस्त्यावर टायरचा आवाज शेताशिवारात पसरून जातो. बोगद्यात तो भिंतींवर आपटून पुन्हा गाडीवर येतो. शेजारून मालाचा ट्रक चालला होता. त्या मिनिटभरात बोलणे थांबलेच, आणि ते थांबणे योग्यही होते. बोगद्याच्या तोंडाशी असलेली वळणे अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. तेथे चालकाला मागच्या वाहनाचा भोंगा ऐकू यायलाच हवा. मेस्त्रींनी निघताना सांगितलेले वाक्य मला तेथे आठवले : ‘‘अँब्युलन्स ऐकू येईना इतकी गाडी बंद करून घेऊ नका.’’

शिरवळचे कारखाने, नीरेचा पूल, पुणे जिल्हा, खेड-शिवापूर आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर आलो तेव्हा पुढे शहर पसरले होते. या शहरात पश्चिमेला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, जिला सारे ‘एआरएआय’ म्हणतात. वाहनांचा आवाज, कंप आणि खडखडाट यांचे शास्त्र तेथे स्वतंत्र प्रयोगशाळेत अभ्यासले जाते. वाहनाचा बाहेरचा आवाज मोजताना जगभर एका ठरावीक प्रतीचा डांबरी पृष्ठभागच वापरावा लागतो, कारण रस्ता बदलला की गाडीचा आवाज बदलतो, हे शास्त्राने मान्य केले आहे. उद्यमनगरातील मेस्त्री पेराने टकटक करून जे ओळखतात, ते टेकडीवर यंत्रांनी नोंदवले जाते.

आमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खर्चाला हात घालण्यापूर्वी टायर तपासावेत. वेडेवाकडे झिजलेले टायर, कमी-जास्त हवा, चाकांचे घासलेले बेअरिंग आणि वाळलेली बीडिंग यांचाच आवाज अनेकदा निम्म्याहून अधिक असतो. तो चादरी चिकटवून झाकू नये. दुसरी गोष्ट, काम करून घ्यायचे ठरलेच तर चारही दरवाजे आणि मागच्या चाकांच्या कमानी यांपासून आरंभ करावा, महिनाभर गाडी वापरावी आणि मगच पुढचे ठरवावे. ज्येष्ठ व्यक्ती शक्यतो चालकाशेजारी बसवावी. मागच्या चाकांवर बसणाऱ्याला आवाज अधिक सोसावा लागतो आणि बोलणाऱ्याचे तोंडही दिसत नाही. ओठ दिसले की अर्धे शब्द कान न लावता कळतात.

मार्केट यार्डातील काम चारच्या आत उरकले. नव्या घराचा मुलगा समोर बसला होता. अण्णांनी त्याची विचारपूस केली, आजोबांचे नाव काढले आणि भाव बोलण्यासाठी माझ्याकडे पाहिले. सूर्यास्तापूर्वी जेवायला आत्याकडे पोहोचायचे होते, म्हणून लगेच निघालो. गाडी गुलटेकडीच्या गर्दीत शिरली, रिक्षांचे भोंगे काचेवर येऊन थडकू लागले, आणि त्या गदारोळात अण्णा नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाले, ‘‘मुलगा बरा आहे. पंधरा नको, वीस दिवस दे.’’

मी ‘वीस’ ऐकले; त्यांनीही माझा होकार ऐकला.